सोलफ्रिड पुढच्या जागेवर बसली

सोलफ्रिड माझ्या भावाची बायको. आमच्या हेस्टोया बेटावर तिला ओळखत नाही असा माणूस नाही, पण तिच्याविषयी कुणालाही विचारलं तर जो तो तिच्या कामाबद्दलच बोलायचा. उन्हाळाभर ती बाहेरून आलेल्या लोकांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, बेटाबेटांतून फिरवायची, त्यांच्याबरोबर तंबूत राहायची, कॉड मासे पकडून त्यांना शिजवून घालायची आणि आठवड्यानं सगळ्यांना धडधाकट परत आणायची. मग त्यांचे रबरी पोशाख वाळायच्या आत पुढची माणसं फेरीबोटीतून उतरलेली असायची. पण ती माणूस म्हणून कशी आहे, असं विचारलंत तर लोक म्हणायचे, शांत आहे.

शांत नव्हती ती. दमलेली होती. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मी होड्यांच्या शेडमध्ये तिच्याबरोबर काम करायचे. पोशाख धुवायचे, वॉफल भाजायचे, वायरलेसपाशी बसायचे. त्यामुळे परत आल्यावर ती कशी बसते ते मला दिसायचं. पालथ्या घातलेल्या माशांच्या पेटीवर बसायची, एक बूट काढायची आणि दुसरा काढायचा राहून जायचा. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशी बराच वेळ भिंतीकडे पाहत राहायची. पाहुण्यांपैकी कुणी निरोप घ्यायला आलं की चटकन उठून हसायची. ते हसू खोटं नव्हतं, पण कुठून तरी खणून काढल्यासारखं असायचं.

ती मूळची किनाऱ्यावरच्या शहरातली. केस कापायची. हात हलका होता तिचा, आणि दुकानात बायका तिच्याच खुर्चीसाठी थांबून राहायच्या. माझा भाऊ ओद्वार तिथे केस कापायला म्हणून गेला आणि पुढे केस फारसे वाढलेले नसतानाही जात राहिला. लग्न करून ती बेटावर आली तेव्हा तिला धड पोहताही येत नव्हतं.

कयाकचं खूळ ओद्वारचं. त्यानं कुठून तरी जुन्या कयाक आणल्या, शेडवर पाटी रंगवली: ‘मोकळ्या समुद्रावर सुट्टी. नवखे असा की मुरलेले, सर्वांसाठी.’ बोलण्यात तो पटाईत. पाहुण्यांना समुद्री गरुड दाखवायचा, बुडालेल्या जहाजांच्या गोष्टी सांगायचा, त्यातल्या निम्म्या त्याच वेळी रचलेल्या असायच्या. लोक खूश. मग खाडीपलीकडे सॅमन माशांची शेती सुरू झाली आणि त्याला तिथे कायमची नोकरी मिळाली. तेव्हा तो सोलफ्रिडला म्हणाला, एवढा उन्हाळा तू सांभाळ, लोकांनी आधीच नावं नोंदवलीत. तोवर ती कयाक चालवायला शिकली होती. तिनं तो उन्हाळा सांभाळला. पुढच्या उन्हाळ्यासाठीही कुणीतरी आधीच नावं नोंदवलेली होती. असं करत तिचे केस पांढरे झाले.

त्या पाटीवरच्या ‘सर्वांसाठी’नं तिला झिजवलं, असं मला वाटतं. प्रत्येक गटात एक जण असा असतो की ज्याला वाटतं आपण फार हळू चाललोय, आणि एक जण असा की ज्याला वाटतं आपण बुडणार. पुढचा थांबत नाही आणि मागचा निघत नाही. या दोघांच्या मधलं पाणी सोलफ्रिडनं कापायचं. पुढे जाऊन एकाला आवरायचं, मागे येऊन दुसऱ्याला धीर द्यायचा. इतरांचा जेवढा प्रवास व्हायचा त्याच्या दुप्पट तिचा व्हायचा, आणि संध्याकाळी स्वयंपाकही तिचाच.

दोन उन्हाळ्यांपासून तिचा उजवा खांदा दुखत होता. गोळ्या घेऊन ती निघायची. मी एकदा ओद्वारसमोर विषय काढला तर तीच म्हणाली, वल्हं मारणाऱ्या सगळ्यांचाच दुखतो. ओद्वारनं मान हलवली आणि बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.

मी सांगते आहे ती ऑगस्टअखेरची, त्या वर्षातली शेवटची खेप. चारच पाहुणे होते. यूप आणि मारेइके हे डच नवरा-बायको, दोघंही तरुण, एकमेकांत रमलेले, सांगाल ते ऐकणारे. तिसरा प्रेबेन, डेन्मार्कचा, शाळेत कसरत शिकवून निवृत्त झालेला. स्वतःचं वल्हं घेऊन आला होता. चौथी हेर्डिस, बर्गेनमध्ये सिटी बस चालवणारी, साठीला टेकलेली, आडव्या अंगाची. तिच्या लेकीनं ही सुट्टी तिला वाढदिवसाला भेट दिली होती. धक्क्यावर उतरल्या उतरल्या ती मला म्हणाली की लेकीचा आपल्यावर राग असावा, नाहीतर असली भेट कोण देतं.

पहिल्या दिवशी खाडीत सराव असतो. कयाक मुद्दाम उलटवायची आणि पाण्यातून बाहेर यायचं. बाकीच्यांनी ते केलं. हेर्डिसनं गुडघाभर पाण्यात उभं राहून सांगितलं, “मी नाही. पैसे परत नकोत, मी इथेच बसून वॉफल खाईन.”

सोलफ्रिडनं तिच्यावर जबरदस्ती केली नाही. एरवी ती समजूत घालायची, आधी मी करून दाखवते म्हणायची. त्या दिवशी नुसतं म्हणाली, “दोघांची कयाक घेऊ. तू पुढे बस, मी मागे.” मागे बसणाऱ्याच्या पायाशी सुकाणूचे पेडल असतात आणि खरा जोरही त्याचाच लागतो. म्हणजे आठवडाभर हेर्डिसचं वजन सोलफ्रिडच्या खांद्यावर येणार होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि सामान भरायला लागली.

पुढचं मला थोडं वायरलेसवरून कळलं आणि बाकीचं हेर्डिसकडून.

दिवस बरे गेले. हवा थंड, पाणी काचेसारखं. हेर्डिस आधी दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसायची, नंतर तिनं वल्हं उचललं. ती मोठमोठ्यानं बोलायची. गरुड दिसला की बसमध्ये ओळखीचा प्रवासी चढावा तशी त्याला हाक मारायची. प्रेबेन रोज पुढे निघून जायचा आणि कुठल्या तरी टोकाशी हातात घड्याळ घेऊन वाट पाहत बसायचा. सोलफ्रिड त्याला सांगायची, नजरेच्या टप्प्यात राहा. तो हो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी ती एकाच हातानं तंबू ठोकते हे हेर्डिसच्या लक्षात आलं होतं. विचारल्यावर सोलफ्रिड म्हणाली, सवय आहे.

शेवटच्या मुक्कामाच्या बेटावरून आमच्या बाजूला यायचं तर मधे मोकळ्या समुद्राचा पट्टा आहे. आडोसा नाही. मधोमध फक्त एक बसका कातळ, त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. त्या सकाळी नैर्ऋत्येचा वारा सुटला होता आणि पट्ट्यात पांढऱ्या लाटा दिसत होत्या. सोलफ्रिडनं कॉफी ओतत सांगितलं की आज थांबू, उद्या निघू.

प्रेबेनला दुसऱ्या दिवशीचं विमान गाठायचं होतं. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं हेर्डिस म्हणते. तो समजावून सांगत राहिला. वारा उतरणीला लागलाय, डच जोडी आता तयार झालीय, हेर्डिसही छान वल्हवतेय. सोलफ्रिड दर वेळी थोडक्यात उत्तर द्यायची. मग तो कपातली कॉफी गवतात ओतून म्हणाला, “पाटीवर लिहिलंय ना, सर्वांसाठी. मग त्यात आम्ही मुरलेलेही येतो की नाही? का फक्त घाबरणाऱ्यांसाठीच आहे ही सुट्टी?”

हेर्डिसनं मान खाली घातली. यूप आणि मारेइके तंबूच्या घड्या घालायला लागले. सोलफ्रिड पाण्याकडे बघत उभी होती. हेर्डिस मला म्हणाली, “मला वाटलं ती आता त्याला झापणार. पण ती लाटा बघतच नव्हती. काहीच बघत नव्हती. आमच्या बसमध्ये शेवटच्या फेरीला माणसं अशी बसलेली असतात, स्टॉप निघून गेला तरी कळत नाही.”

मग सोलफ्रिड म्हणाली, “ठीक आहे. आवरा.”

नंतर तिनं मला याचं कारण सांगितलं. वारा तिला दिसत होता, निघू नये हेही कळत होतं. पण नाही म्हणायचं, मग त्यावरचं त्याचं बोलणं ऐकायचं, मग पुन्हा नाही म्हणायचं, आणि दिवसभर त्याचं तोंड बघत त्याच बेटावर पाच जणांचं जेवण रांधायचं, एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. वल्हं मारणं त्यापेक्षा सोपं वाटलं.

पट्ट्याच्या मध्याआधीच तिचा खांदा गेला. आवाज आला नाही, कयाकही उलटली नाही. एक लाट बाजूनं आली, तिनं कयाक सावरायला वल्ह्यावर भार दिला आणि हात परत वर आलाच नाही. पुढे बसलेल्या हेर्डिसला एवढंच जाणवलं की मागून मिळणारा रेटा थांबला. कयाक लाटांना आडवी व्हायला लागली. हेर्डिसला मागे वळून पाहता येईना.

“सोलफ्रिड, तू आहेस ना?”

“आहे. तू वल्हव. डावीकडे जास्त.”

“काय झालं?”

“हात गेला. तू वल्हव.”

हेर्डिस म्हणते, त्या क्षणी घाबरायला वेळच मिळाला नाही. मागे जी बसली होती तिच्या दोन पायांत सुकाणू होतं आणि हात होते ते फक्त हिचे. ती वल्हवत राहिली, शिव्या देत, देवाचं नाव घेत, पुन्हा शिव्या देत. सोलफ्रिडनं गळ्यातली शिट्टी वाजवली. यूप आणि मारेइके जवळच होते, ते बाजूला येऊन चिकटून राहिले. प्रेबेन बराच पुढे गेला होता. शिट्टी ऐकून तो वळला. नंतरच्या सगळ्या गोष्टी त्यानं नीट केल्या, हे मला सांगितलंच पाहिजे. आला, दोरी लावली, ओढायला लागला, आणि सगळे त्या पाणकावळ्यांच्या कातळाच्या आडोशाला पोचले.

तिथून तिचा मला वायरलेसवर आवाज आला. “बोर्गहिल्ड, माझा हात गेलाय. आम्ही कातळावर आहोत. सगळे ठीक आहेत.” कॉफी संपलीय असं सांगावं, त्या आवाजात. मी म्हटलं, ओद्वारला पाठवते. ती म्हणाली, पाठव. एवढंच. एरवी ती म्हणाली असती, नको, त्याचं काम असेल.

ओद्वार त्या वेळी माशांच्या जाळ्यांवर लांब होता. यायला वेळ लागणार होता. कातळावर पाणकावळ्यांच्या विष्ठेचा वास, वारा आणि ओल्या कपड्यांची माणसं. मारेइकेनं सोलफ्रिडचा हात मफलरनं गळ्याशी बांधला. प्रेबेन थोडा बाजूला जाऊन उभा राहिला. हेर्डिसनं थर्मासमधली उरलेली कॉफी झाकणात ओतून सोलफ्रिडच्या डाव्या हातात दिली आणि शेजारी बसली.

“तुला हे आवडतं का गं?” तिनं विचारलं.

“काय?”

“हेच. हे सगळं. आमच्यासारख्यांना घेऊन फिरणं.”

सोलफ्रिडनं झाकणातल्या कॉफीचा एक घोट घेतला. मग ती म्हणाली, “मला केस कापायला आवडायचं.”

आणि ती रडायला लागली. हुंदके नाहीत, काही नाही. नुसतं पाणी वाहत होतं आणि ती कॉफी पीत होती. हेर्डिस काही बोलली नाही. बसचालकाला बोलायची मनाई असते, असं ती मला हसून सांगते, पण तेव्हा हसली नव्हती.

थोड्या वेळानं वारा खरंच पडला. प्रेबेनचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, फक्त घाई झाली होती. कातळापासून पुढे बेटांचा आडोसाही मिळणार होता. तिथे भिजत बसण्यापेक्षा ओद्वारच्या दिशेनं निघावं असं ठरलं. ठरवलं सोलफ्रिडनंच, पण या वेळी तिनं सगळ्यांना विचारलं. मग प्रश्न आला की दोघांच्या कयाकमध्ये मागे कोण बसणार. यूप म्हणाला, मी बसतो. हेर्डिस म्हणाली, “पायात पेडल आहेत ना? मग मी बसते. आयुष्यभर दुसरं केलंय काय?”

अशा रीतीनं सोलफ्रिड पुढच्या जागेवर बसली. इतक्या उन्हाळ्यांत पहिल्यांदा. तिच्या हातात वल्हं नव्हतं. पुढे प्रेबेन दोरी ओढत होता, दोन्ही बाजूंना डच जोडी, मागे हेर्डिस. कुणाची डोकी मोजायची नव्हती. ती मला म्हणाली, “प्रेबेन सोडला तर समोर फक्त पाणी होतं, बोर्गहिल्ड. मोजायच्या पाठी नाहीत, टोप्या नाहीत. मला माहीतच नव्हतं की तिथून असं दिसतं. लोक का येतात ते मला त्या दिवशी कळलं.” मग पुढे म्हणाली, “आणि मग मला झोप लागली.”

खरंच लागली. मान छातीवर टाकून ती झोपली. हेर्डिसनं बाकीच्यांना ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि सगळे गुपचूप वल्हवत राहिले.

ओद्वारची बोट त्यांना आमच्या खाडीच्या तोंडाशी भेटली. तो घाबरलेला होता. इंजिन बंद करून तो बोटीच्या कडेवरून वाकला आणि तिला हाक मारली. ती जागी झाली. चल, वर ये, म्हणाला, आपण सरळ दवाखान्यात जाऊ. त्यानं हात पुढे केला.

तिनं त्या हाताकडे पाहिलं. “नको,” ती म्हणाली. “मी बसलेय ना. बसू दे.”

ओद्वारनं इंजिन पुन्हा सुरू केलं आणि त्यांच्या मागे, अगदी सावकाश, धक्क्यापर्यंत येत राहिला. मी धक्क्यावरून पाहत होते. आमच्या बडबड्या ओद्वारला तोंड मिटून कुणाच्या मागून येताना मी तरी तेव्हाच पाहिलं.

खांद्याचा स्नायू पूर्ण फाटला होता. शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की हात चालेल, पण खांद्याच्या वर फारसा उचलता येणार नाही. म्हणजे कयाक संपली, आणि कात्री-कंगवाही. हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं, दोन्ही एकाच वाक्यात. त्यातलं कुठलं तिला जास्त लागलं ते मी विचारलं नाही.

प्रेबेननं फोन केला होता. माफी मागायची होती त्याला. सोलफ्रिड त्याला म्हणाली, तू विचारलंस, हो मी म्हटलं. तो म्हणाला, पण मी तुला भरीला घातलं. ती म्हणाली, ते लोक घालतातच, नाही म्हणणं हे माझं काम होतं. मग त्यानं हवा कशी आहे विचारलं, तिनं सांगितलं, आणि फोन ठेवला.

हिवाळ्यात पुढच्या उन्हाळ्यासाठी लोक विचारायला लागले. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. ओद्वार म्हणाला, यंदा कुणाला तरी मदतीला ठेवू, तू किनाऱ्यावरून बघ नुसतं. सोलफ्रिड बशा उचलत होती, डाव्या हातानं. ती म्हणाली, “मी नाही करणार, ओद्वार. हात बरा झाला तरी नाही.”

“पण तुला तर ते आवडतं.”

“असं तुला कोण म्हणालं?”

ओद्वार माझ्याकडे बघायला लागला, मी काही बोलेन म्हणून. मी बटाटे खात राहिले. मग तो उठला, नळाशी गेला आणि बशा धुवायला लागला. सगळ्या धुऊन झाल्यावर, पाठ आमच्याकडेच ठेवून, म्हणाला, “तू कधी बोलली नाहीस.” त्यात तक्रार नव्हती. ती म्हणाली, “नाही बोलले.” त्या संध्याकाळी ती दोघं बरंच बोलली असावीत. मी निघून आले होते.

कयाक बोडो शहरातल्या एका जोडप्यानं घेतल्या. तरुण आहेत, दोघं मिळून गट नेतात, एक पुढे आणि एक मागे. पाटी त्यांनी तशीच ठेवलीय, आणि शेडमध्ये मलाही. सोलफ्रिड आता बेटावरच्या दुकानात सकाळची पाळी करते. वरच्या फळीवरचं काही हवं असेल तर गिऱ्हाइकालाच काढायला सांगते. दमलेली अजूनही दिसते. इतक्या वर्षांचा शीण एका हिवाळ्यात निघत नाही. कधी कधी हिशेब चुकते, कधी कुणी बोललं तर दोनदा सांगावं लागतं. आम्ही दोनदा सांगतो.

जूनमध्ये हेर्डिस आली. स्वतः पैसे भरून, त्या बोडोच्या जोडप्याबरोबर आठवडाभर जायला. आता तिला एकटीची कयाक हवी होती. खाडीत सरावाला ती स्वतः उलटली, खोकत वर आली आणि लेकीला चार शब्द सुनावले, लेक बर्गेनला असली तरी. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघी शेडच्या पायऱ्यांवर बसून कोळंबी सोलून खात होतो. हेर्डिसनं विचारलं, चल ना एक दिवस, मी मागे बसते. सोलफ्रिड म्हणाली, बघू पुढच्या वर्षी. तिला जायचं नव्हतं आणि हेर्डिसलाही ते कळलं, पण दोघींनी ते तिथेच सोडलं.

सकाळी गट निघाला तेव्हा सोलफ्रिड धक्क्यावर आली होती. हेर्डिसच्या कमरेभोवतीचं, कयाकमध्ये पाणी येऊ न देणारं झाकण तिनं एका हातानं ओढून नीट बसवून दिलं. कयाक खाडीच्या बाहेर पडेपर्यंत ती थांबली नाही. त्या दिवशी तिला दुकानाला सुट्टी होती. मी पोशाख उन्हात घालून त्यांच्या घरावरून जात होते तेव्हा ती दक्षिणेकडच्या भिंतीशी बाकावर आडवी झाली होती, चपला खाली, दोन्ही पाय उघडे, गाढ झोपेत. तोंडावर ऊन येत होतं. मी ओद्वारची टोपी दाराबाहेरच्या खुंटीवरून काढून तिच्या डोळ्यांवर ठेवली आणि पुढे गेले.